अपघाताचा पंचनामा

रस्त्यावर दोन वाहनांची टक्कर झाली की पाच मिनिटांत तिथे एक न्यायालय भरते. जमलेली गर्दी हीच न्यायाधीश, आणि तिचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. सायकल आणि स्कूटर असेल तर दोष स्कूटरवाल्याचा, स्कूटर आणि मोटार असेल तर मोटारवाल्याचा, आणि एका बाजूला ट्रक असेल तर पुढे बोलायलाच नको! ट्रकचालकही हे ओळखून असतो. म्हणून जखमीला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकलेली असूनही तो आधी पळतो आणि मग पोलीस ठाण्यात हजर होतो.

गर्दी पांगते, पण प्रश्न उरतो. चूक नेमकी कोणाची? या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्याचा तुरुंगवास अवलंबून असतो आणि एखाद्या घराची चूल. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६०. यांतल्या प्रत्येक मृत्यूमागे एक कागद तयार होतो. त्या कागदावर काय लिहिले जाते, हे सर्वसामान्य कुटुंबाला स्वतःवर प्रसंग ओढवेपर्यंत ठाऊक नसते.

वास्तविक, बोलू शकणारे साक्षीदार गप्प राहिले तरी रस्ता बरेच सांगत असतो. करकचून ब्रेक दाबल्यावर चाके घासत जातात आणि डांबरावर काळे पट्टे उमटतात. कोरड्या चांगल्या रस्त्यावर हा पट्टा २० मीटरचा असेल तर गाडीचा वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर होता, असा हिशेब मांडता येतो. पट्टा ४० मीटरचा असेल तर वेग ताशी ८५ च्या आसपास निघतो. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे शाळेतले गणित इथे माणसांच्या जिवाशी येऊन भिडते. टक्कर झाली त्या जागी गाड्यांच्या पोटाला चिकटलेला सुका चिखल गळून पडतो. कोणती गाडी आपली बाजू सोडून आली होती, हे त्या चिखलावरून आणि पसरलेल्या काचांवरून समजू शकते. साध्या बल्बची तारसुद्धा साक्ष देते. दिवा चालू असेल तर तापलेली तार धक्क्याने ताणली जाते आणि बंद असेल तर तशी ताणली जात नाही. त्यावरून ‘समोरच्याचे दिवे बंद होते’ हे विधान तपासता येते. अलीकडच्या अनेक मोटारींत एअरबॅगचा संगणक धडकेपूर्वीच्या काही सेकंदांतला वेग आणि ब्रेक यांची नोंद ठेवतो.

पण ही साक्ष फार अल्पायुषी असते. वाहतूक खोळंबते, क्रेन येते, गाड्या बाजूला ओढल्या जातात. काचा झाडल्या जातात आणि एका पावसात उरलेसुरले पुसले जाते. उरतो तो स्थळ-पंचनामा. आपल्याकडच्या फिर्यादीतली भाषा वकिलांना तोंडपाठ असते: ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. वेग किती, हयगय कोणती, रस्त्याची परिस्थिती कशी, याचा तपशील मात्र अनेकदा त्या वाक्याच्या आड राहून जातो. मोटार वाहन निरीक्षक येऊन ब्रेक, सुकाणू, टायर तपासतात. पण गाडी तोवर ठाण्याच्या आवारात येऊन पडलेली असते. दोष सारा हवालदाराच्या माथी मारणेही बरे नव्हे. एकाच वेळी जखमींना हलवायचे, वाहतूक मोकळी करायची आणि मोजमापही घ्यायचे, अशी तिहेरी कामगिरी त्याच्यावर असते.

या कागदाला पुढे दोन दरवाजे असतात. एक फौजदारी न्यायालयाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. दुसरा दरवाजा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. तिथे शक्यतेचे पारडे कुणीकडे झुकते, एवढे पाहिले जाते. मृत किंवा जखमी व्यक्तीचीही चूक आढळली तर तिची टक्केवारी ठरते आणि भरपाई तेवढी कापली जाते. २० लाखांच्या भरपाईत २५ टक्के दोष लागला तर घरच्यांच्या हाती १५ लाखच येतात. पंचनाम्यातल्या एका चुकीच्या मोजमापाची किंमत अशी मोजावी लागते.

डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एक मोटार रस्त्याच्या उजव्या कडेला जाऊन झाडावर आदळली आणि आतला एक प्रवासी मरण पावला. झाड मोडले होते, इंजिन जागचे मागे सरकले होते. सर्वोच्च न्यायालयाने या खुणांवरूनच ठरवले की अशी घटना काळजीने गाडी चालवली असता घडत नाही, ती स्वतःच बोलते. तत्त्व मोलाचे होते. पण हा निकाल लागला १९७७ मध्ये. तोवर १६ वर्षे उलटून गेली होती.

पुरावा नुसता हरवत नाही, तो हरवलाही जातो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना रुग्णालयातच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. ज्या खुणेवर तपास उभा राहायचा, तीच विकाऊ झाल्याचा संशय यावा, यापेक्षा वेगळी धोक्याची घंटा कोणती?

‘दोष कोणाचा’ हा प्रश्न आवश्यक आहेच, पण तो पुरेसा नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे सहप्रवासी मृत्युमुखी पडले. गाडीच्या कंपनीने दिलेल्या माहितीनुसार धडकेपूर्वी पाच सेकंद वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि ब्रेक लावल्यावर तो ८९ झाला. पोलिसांनी चालकावर गुन्हा नोंदवला. पण तज्ज्ञांच्या पाहणीत आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. मागच्या आसनावर दोघांनीही पट्टा बांधला नव्हता. आणि तीन पदरी रस्ता पुलावर दोन पदरी होत होता, कठडा वाटेत पुढे आलेला होता. चालक, पट्टा आणि पूल अशी तीन कारणे एकाच जागी भेटली होती. मृत व्यक्ती नामवंत होती म्हणून ती तिन्ही शोधली गेली. ज्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, त्याच्या अपघाताचे कारण एकाच शब्दात आटोपते: चालक.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. अपघातांच्या कारणांचा सखोल अभ्यास करण्याच्या योजना राज्य सरकारांनी आखाव्यात, अशी तरतूद १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. सदोष रस्ता बांधणाऱ्यास एक लाखापर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. २०२२ पासून पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे, आणि प्राथमिक अहवालाची प्रत पीडितांना मिळायला हवी. ती मागून घेणे हा हक्क आहे, उपकार नव्हे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ बळी गेले होते. तिथे अपघातामागून अपघात तपासून कारणे शोधली गेली, त्यानुसार कठडे, फलक, गस्त यांत सुधारणा झाली आणि काही वर्षांत हा आकडा निम्म्याहून खाली आला.

विमान कोसळले की चौकशीचा हेतू दोषारोप नसून पुढचा अपघात टाळणे हा असतो, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. रस्त्यावरच्या मृत्यूला तेवढी प्रतिष्ठा आपण अजून दिलेली नाही. दोषी चालकाला शिक्षा झालीच पाहिजे. पण त्याला आत टाकून तो पूल, तो वळणाचा रस्ता, तो न पेटणारा दिवा तसाच ठेवला, तर पुढचा चालक आणि पुढचा बळी त्याच वाटेने निघालेला असेल. त्यांची नावे तेवढी अजून ठरायची आहेत.