काळा दाणा कोणाच्या ताटात?

१९७४ साली बांसवाडा-पंचमहालच्या आदिवासी पट्ट्यात ऐन काढणीत पावसाने मका भिजला. घरात दुसरे धान्य नव्हते. बुरशीचा मका खाऊन नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण काविळीने दगावले. हे अफ्लाटॉक्सिन भाकरी भाजूनही पुरते जात नाही.

१९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर भिजलेल्या ज्वारी-मक्यातील फ्युमोनिसिन या दुसऱ्या बुरशीविषाने गावोगाव पोटदुखी-हगवण झाली. आपलीही खरीप ज्वारी पावसात काळी पडते. व्यापारी विष मोजत नाही, रंग पाहून भाव पाडतो. मग बरा दाणा बाजारात आणि काळा आपल्या तव्यावर!

बाजार समित्या सेस घेतात. त्यातून वाळवणाचे ओटे, ताडपत्र्या, ओलावा मोजण्याचे यंत्र मागायचे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या समितीत यातले काय आहे ते पाहून यावे.