निपाणीच्या रोजगाराची मोजदाद

देशातील बेकारी किती वाढली वा घटली, हे आता दरमहा जाहीर होते. केंद्रीय सांख्यिकी खात्याने जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीची पद्धत बदलली आणि नमुना निवडताना बहुतांशी जिल्हा हा मूळ घटक धरला. ही सुधारणा स्वागतार्ह होय. तथापि बेळगाव-निपाणीसारख्या सीमाभागाचे जिणे या मापात मावते काय, हा प्रश्न उरतोच.

निपाणीची बाजारपेठ तंबाखूवर उभी राहिली. वखारींत तंबाखू चाळणाऱ्या आणि मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांवर ती पोसली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात त्यांच्यापैकी काहींचे बळी गेले. भावाचा प्रश्न तेव्हा देशापुढे आला. वळणारणीच्या मजुरीचा प्रश्न मात्र घराच्या उंबऱ्याआडच राहिला.

आज तो उंबराच मोजणाऱ्यास चकवतो. पाहणीच्या साप्ताहिक व्याख्येनुसार सात दिवसांत एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात गणली जाते. बिडीची मजुरी हजारी ठरते. पूर्वी हजार बिड्यांची पाने मिळणाऱ्या बाईला आज त्याच्या निम्मीच मिळाली, तरी तिच्या घरची चूल अर्धी विझली हे कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. कागदोपत्री ती कामावरच असते!

बिडी ओढणारे कमी होत आहेत. देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांतील त्यांचे प्रमाण २००९-१० मध्ये ९.२ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये ७.७ टक्क्यांवर आले. आरोग्याच्या दृष्टीने हे इष्टच आहे. पण या सुधारणेची किंमत वळणाऱ्या हातांनीच का मोजावी? १९७६ च्या कायद्याने त्यांच्या कल्याणासाठी बिडीवर बसविलेला उपकरही २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येताच रद्द झाला. घटत्या धंद्यातील कामगारांना हक्काच्या निधीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी तो आधार गेला.

दुसरी अडचण सीमेची. निपाणीहून कागलच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा तरुण घरच्या पाहणीत कर्नाटकात मोजला जाईल, कारखान्याच्या हजेरीपटात महाराष्ट्रात. दोन्ही आकडे खरे. पण सीमा ओलांडणारा श्रमिक दोहोंतही दिसत नाही. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्रास देण्याची शिफारस केली होती. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल न्याय्य लागावा, ही आमची भूमिका कायम आहे. परंतु भाकरी निकालाची वाट पाहू शकत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ यांनी मिळून या तालुक्यांची त्रैमासिक पाहणी करावी. किती जणांना काम आहे, एवढेच न विचारता किती दिवस, किती हजार बिड्या, किती मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधीचे खाते आहे काय, हेही विचारावे. निष्कर्ष मराठी व कानडी दोन्ही भाषांत छापावेत. दोन्ही सरकारांनी त्याचा खर्च वाटून घ्यावा.

सीमेवरील गावे आपली असल्याचे सांगण्याची अहमहमिका दोन्ही राज्यांत आजवर पुष्कळ झाली. आता तेथील रिकाम्या हातांवरही आपला हक्क सांगण्यास कोण पुढे येतो, ते पाहू.