तिने ओवलेला गजरा चालतो, तिने माळलेला का चालत नाही?

संक्रांत जवळ आली. आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर चर्चा सुरू झालीय: यंदा वाण काय लुटायचं? स्टीलची वाटी की कापडी पिशवी? गजरे किती सांगायचे? शंभरेक मेसेज झाले असतील. वाण कुणाला द्यायचं, यावर मात्र एकही नाही. ते आधीच ठरलेलं असतं ना! सवाष्णींना.

मी स्पष्टच लिहिते. ज्या हळदीकुंकवातून शेजारच्या काकूंना फक्त नवरा गेला म्हणून वगळलं जातं, तो सण नाही. ती वर्षातून एकदा घेतलेली हजेरी आहे, कुणाचा नवरा आहे आणि कुणाचा नाही याची.

मंडईबाहेर गजरे विकणाऱ्या मावशी विधवा आहेत. संक्रांत ते रथसप्तमी त्यांचा हात थांबत नाही. त्यांनी ओवलेला गजरा आपण भाव करून घेतो, सवाष्णीच्या केसांत माळतो. त्याच मावशींनी एक गजरा स्वतः माळला तर? भुवया वर जातात. फूल तेच, दोरा तोच. मग विटाळ नेमका कशाला झाला?

दरवर्षी 3 जानेवारीला आपण सगळ्या सावित्रीबाईंचा फोटो स्टेटसला ठेवतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, समाजाने टाकलेल्या बायकांना जवळ केलं. आणि आपण? स्टेटस ठेवून जेमतेम अकरा दिवस होतात, तोच विधवा शेजारणीला टाळून वरच्या मजल्यावर आमंत्रण द्यायला जातो.

कुणी म्हणेल, परंपरा आहे, आपण काय करणार? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने करून दाखवलं. मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षात, ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना हेच करायला सांगितलं. पण परिपत्रक काही दारोदार आमंत्रण द्यायला जात नाही. ते आपल्यालाच द्यावं लागतं.

दुसरं ठरलेलं उत्तर: "अहो, त्यांनाच आवडत नाही, त्या येतच नाहीत." तुम्ही बोलावलंत का कधी? वर्षानुवर्षं दारावरून पुढे गेल्यावर कोण आपणहून येईल? अपमान नको म्हणून माणूस घरात बसतो, आणि आपण त्याला त्याची आवड म्हणतो.

यंदा एवढंच करा. मेसेजमध्ये "सर्व महिलांना आग्रहाचं आमंत्रण" असं लिहा, आणि तेवढ्यावर न थांबता काकूंच्या दारी स्वतः जा. हळदीकुंकू लावायचं की नाही ते त्यांना विचारा. नको म्हणाल्या तर जबरदस्ती नको, पण फूल, तिळगूळ आणि वाण सगळ्यांसारखंच द्या. बसायलाही सगळ्यांमध्येच, कोपऱ्यातली खुर्ची नको.

आणि सासूबाई, जाऊबाई नाक मुरडतील म्हणून गप्प बसू नका. आज यादीतून गाळलेलं नाव काकूंचं आहे. उद्या ते आपल्यापैकी कुणाचंही असू शकतं. वाटी स्टीलची की पितळेची, यावर मग निवांत भांडू.