लस घेऊनही फ्लू होतो, म्हणून?

‘लस घेऊनही फ्लू होतो, मग ती कशाला?’ हा आपल्या पत्रलेखकांचा सवाल अर्धाच आहे. ताप येऊ शकतो, मान्य. पण तो न्यूमोनियापर्यंत, अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याचा धोका लस कमी करते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा लस हाताशी नव्हती; २०१० मध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस आणली. दरवर्षी टोचून घ्यावी लागते ही तक्रार खरे तर विषाणूविरुद्ध हवी, कारण रूप तोच पालटतो. विट्यात तर यंत्रमागांची कापूसधूळ छातीत, आणि सोने-चांदी गाळणाऱ्या गलाई बांधवांची देशभर ये-जा; म्हणजे धोका अधिकच. लस महाग पडते हा आक्षेप मात्र रास्त आहे. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दमेकऱ्यांना ती ग्रामीण रुग्णालयात मोफत, पावसाळ्याआधीच मिळायला हवी.

— एक वाचक, विटा (जि. सांगली)