पवनचक्की फिरते, गाव मात्र तिथेच

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी गाव सोडणारी कुटुंबे डोळ्यांपुढे उभी राहतात. निसर्गाने या भूमीला पाऊस हात आखडून दिला. परंतु बालाघाटच्या डोंगररांगेवर वारा मात्र मुक्तहस्ते दिला. पाटोदा, आष्टी, केज, बीड या तालुक्यांतील माळांवर आज पवनचक्क्या उभ्या आहेत. याच जिल्ह्यातील परळीचे औष्णिक विद्युत केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. वाऱ्यापासून वीज निर्माण करण्यास ना कोळसा लागतो, ना पाणी. कर्ब उत्सर्जन रोखणाऱ्या या उद्योगासाठी याहून योग्य भूमी कोणती असणार?

तथापि, उद्योजक येथे वसुंधरेच्या प्रेमापोटी येतो, असे मानण्याचे कारण नाही. तो हिशेब मांडून येतो आणि त्यात गैरही काही नाही. आपल्या परंपरेने अर्थाला पुरुषार्थ मानले आहे. केवळ त्याला धर्माची मर्यादा असावी, एवढाच तिचा आग्रह आहे. आधुनिक राज्यव्यवस्थेत ही मर्यादा घालण्याचे काम धोरण करते. शासन सवलत कशाला जोडते, यावर उद्योगाचे आचरण ठरते. पवनऊर्जेचा इतिहास याची साक्ष देतो.

आपल्या देशात पवनचक्क्यांना दीर्घकाळ ८० टक्के त्वरित घसाऱ्याची सवलत होती. नफ्यात असलेल्या एखाद्या कंपनीने पाच कोटींची पवनचक्की उभारली, तर पहिल्याच वर्षी चार कोटी रुपये तिच्या करपात्र नफ्यातून वजा होत. त्या वर्षापुरता सव्वा कोटीहून अधिक कर टळे. साहजिकच विजेशी काडीचाही संबंध नसलेले उद्योग या क्षेत्रात उतरले. चक्की उभी राहिली की लाभ पदरात पडत होता. पुढे ती किती फिरते, याची चिंता त्या मानाने गौण होती. शासनाने उभारणीला बक्षीस दिले. शासनाला उभारणी मिळाली.

ही चूक ओळखून डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आणली. आता लाभ चक्कीच्या फिरण्याला जोडला गेला. दिशा योग्य होती, परंतु सातत्य राहिले नाही. मार्च २०१२ अखेर दोन्ही सवलती थांबल्या. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॉट पवनऊर्जा क्षमता उभी राहिली होती. पुढच्या वर्षी ती १,७०० मेगावॉटच्या आसपास आली. युनिटमागील अनुदान २०१३ मध्ये, तर घसारा २०१४ मध्ये परत आला. २०१७ मध्ये घसारा ४० टक्क्यांवर आला, अनुदान संपले आणि लिलाव पद्धती सुरू झाली. २०१६-१७ मध्ये सुमारे ५,५०० मेगावॉटची भर पडली होती. पुढच्या वर्षी ती १,८०० मेगावॉटच्याही आत राहिली. वारा बदलला नव्हता. बदलली होती ती दिल्लीतील अधिसूचना.

पाश्चात्त्यांची व्यवस्थाही या दोषातून सुटलेली नाही. क्योटो कराराखाली कर्ब-पत विकण्याची सोय झाली. शीतकरणाचा वायू तयार करताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. त्याची तापमानवाढीची क्षमता कर्ब वायूच्या ११,७०० पट धरलेली होती. त्यामुळे तो जाळून नष्ट केल्यास मोठी कमाई होई. मूळ मालापेक्षा त्याचा कचरा अधिक किफायतशीर ठरू लागला, आणि मग कचरा कमी करण्यात कोणाला स्वारस्य उरणार? अखेर २०१३ पासून युरोपीय संघाने अशी पत स्वीकारणे बंद केले. भारताने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या कारखान्यांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला. जेथे कर्तव्य आहे तेथे बक्षीस देऊ नये, हा विवेक त्या आदेशात होता.

आता पुन्हा बीडकडे वळू. लिलाव पद्धतीने ग्राहकाचे हित साधले, हे मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०१७ मध्ये युनिटला ३ रुपये ४६ पैसे असलेला दर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २ रुपये ६४ पैशांवर आला. परंतु दर इतका घासून घेतला आणि प्रकल्पाला मुदतीची अट घातली की कंपनीला प्रत्येक दिवसाचा विलंब महाग पडतो. जमीन, रस्ता, खांब, वाहतूक, पहारा अशा प्रत्येक टप्प्यावर तिला स्थानिक संमती हवी असते, तीही तातडीने. गावाला मात्र पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या वीजनिर्मितीत निश्चित हिस्सा नसतो. एकीकडे घाईत असलेली कंपनी आणि दुसरीकडे हिस्सा नसलेले गाव, यांच्यामधील पोकळीत दलाल आणि खंडणीखोर शिरतो.

या पोकळीची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. दोषी कोण, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. गुन्हेगाराला जरब बसविणे हे शासनाचे पहिले कर्तव्य आहे. कोणतीही आर्थिक योजना त्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु खंडणीला जागाच उरू नये, अशी रचना करणे हेही शासनाचेच काम आहे.

तशी रचना आपल्याला अपरिचित नाही. २००८ च्या जलविद्युत धोरणात राज्याच्या १२ टक्के मोफत विजेखेरीज आणखी एक टक्का वीज स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी ठेवण्याची तरतूद झाली. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. मग नदी आणि खनिज यांना जो न्याय, तो वाऱ्याला का नसावा? दोन मेगावॉटची चक्की क्षमतेच्या चतुर्थांश चालली, तरी वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट वीज देते. तीन रुपये दराने तिचा एक टक्का म्हणजे सव्वा लाखाहून अधिक रुपये. शिवारात दहा चक्क्या असतील, तर गावाला वर्षाला तेरा लाख मिळतील. ग्राहकावर भार पडेल तो युनिटमागे तीन पैशांचा.

हा पैसाही कोणी गिळंकृत करील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच तो थेट ग्रामसभेच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा आणि प्रत्येक चक्कीचे युनिट व रक्कम चावडीवर दरवर्षी वाचून दाखविली जावी. मग चक्की बंद पडली तर गावाचेच नुकसान होईल आणि तिचे रक्षण करण्यास गाव स्वतः उभे राहील.

१ जानेवारी २०२६ पासून युरोपने पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम यांसारख्या आयात मालावर कर्बभार लागू केला आहे. आपल्या देशाने २०२३ मध्ये स्वतःची कर्ब-पत व्यापार योजना अधिसूचित केली. परक्यांच्या अटींवर चालण्यापेक्षा स्वतःचे नियम घडविणे केव्हाही श्रेयस्कर. पण ते घडविताना जुन्या चुकांची उजळणी होऊ नये. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी निसर्गाच्या शोषणाऐवजी दोहनाचा विचार मांडला. दोहनात गाय राखणाऱ्याचाही वाटा असतो. बालाघाटचा वारा ज्यांच्या शिवारावरून वाहतो, त्यांचा वाटा त्यांना सन्मानाने मिळावा, हीच आता धोरणकर्त्यांकडून अपेक्षा.