पगार विचारता, इस्पितळ का विचारीत नाही?

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातील ख्रिस्ती घरांना परदेश नवा नाही. कोणी बोटीवर आहे, कोणी कुवेतला, कोणी मस्कतला, कोणी दुबईत. घरातला तरुण निघाला की नातलग दोन प्रश्न हमखास विचारतात : पगार किती, आणि सुट्टी कधी? तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. तिथे आजारी पडलास तर तुझ्या औषधपाण्याचे कोण पाहणार? हा प्रश्न न विचारण्याची जी रीत आपल्या समाजात पडली आहे, तिच्याविरुद्ध आम्ही आज लिहीत आहोत.

"मेडिकल झाले, फादर, फिट निघालो," असे ही मुले आनंदाने सांगतात, आणि आईवडिलांना वाटते की प्रकृतीची काळजी मिटली. परंतु ही तपासणी कोणासाठी असते? छातीचा एक्स-रे काढतात, रक्त तपासतात. क्षय, कावीळ किंवा एड्सचे विषाणू आढळले की 'अनफिट' असा शिक्का बसतो. नोकरीला लागल्यावर, परवान्याच्या वेळी पुन्हा केलेल्या तपासणीत असा आजार निघाला, तर अनेकदा माणसाची परत पाठवणी होते. हा माणूस कामाला चालेल की नाही, एवढेच त्या कागदावर लिहिलेले असते. तो आजारी पडला तर उपचार कोण करील, हे त्यावर नसते. बाजारात बैल घेताना त्याचे दात पाहतात. त्याला बैलाची शुश्रूषा कोणी म्हणत नाही.

यावर उत्तर मिळते की, 'त्या देशांत कायदे आहेत.' आहेत, आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. अबुधाबीने २००५ साली आरोग्यविम्याचा कायदा केला. दुबईच्या २०१३ च्या कायद्याने नोकराचा विमा मालकाने स्वखर्चाने उतरवायचा आहे. १ जानेवारी २०२५ पासून अमिरातीतील उरलेल्या प्रांतांतही खाजगी नोकरांना व घरकामगारांना विमा सक्तीचा झाला. परंतु हे संरक्षण रीतसर परवान्यावरील नोकराला आहे. एजंटाच्या शब्दावर 'व्हिजिट'वर जाऊन नोकरी शोधणारा तरुण त्यात बसत नाही. परवान्याची मुदत संपलेला माणूस पकडले जाण्याच्या भयाने इस्पितळाची पायरी चढत नाही. दुखणे अंगावर काढतो. कायदा असणे वेगळे आणि विम्याचे कार्ड मुलाच्या खिशात असणे वेगळे.

आपल्या सरकारचा न्याय तर अधिकच विचित्र आहे. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी २००३ साली 'प्रवासी भारतीय विमा योजना' सुरू झाली. २०१७ च्या सुधारणेनंतर दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर, एवढाच तिचा हप्ता ठरला. त्या बदल्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, आणि रुग्णालयाच्या खर्चापोटी १ लाखापर्यंत साहाय्य. परदेशी इस्पितळाच्या बिलापुढे ही रक्कम अपुरी आहे, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. परंतु तिची सक्ती कोणाला? ज्याच्या पासपोर्टाला सरकारी परवानगीची अट आहे, त्याला. म्हणजे प्रामुख्याने जो दहावी उत्तीर्ण नाही, त्याला. आता आपले कोकण दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले! तेव्हा आपली बहुतेक मुले या सक्तीबाहेर. दहावीचा दाखला काय उन्हापासून रक्षण करतो? दहावी झालेल्याचे मूत्रपिंड आखाताच्या उन्हाळ्यात निकामी होत नाही, की पहाडावरून पडल्यावर त्याचे हाड मोडत नाही? ही सक्ती सर्वांना सरसकट लागू झाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

१२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय दगावले. दोन दिवसांनी हवाई दलाच्या विमानाने त्यांचे देह मायदेशी आले. देश हळहळला, आणि ते योग्यच झाले. परंतु मधुमेहाची गोळी महाग म्हणून अर्धीच घेणाऱ्यासाठी किंवा छातीत कळ येऊनही रजा कापली जाईल म्हणून कामावर जाणाऱ्यासाठी कोणते विमान येते? शवपेटी आली की सारा गाव जमतो. तो जिवंत असताना त्याची चौकशी करणारे किती?

आजारी होऊन परतलेल्याचेही हाल कमी नाहीत. मोठ्या दुखण्याला आपली धाव आजवर गोव्यात बांबोळीला. २०१८ साली तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गाला किती झळ बसली हे वाचक विसरले नसतील. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. परंतु वर्षानुवर्षे बाहेर राहिलेल्याची शिधापत्रिका व कागदपत्रे जाग्यावर नसली तर ऐन वेळी धावाधाव होते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात बजावले आहे की, परदेशी कामगाराला त्याच्या हक्कांच्या बाबतीत इतर कामगारांपेक्षा कमी लेखता कामा नये. आणि परस्पर साहाय्य आपल्या रक्तातही आहे. गोव्यातल्या गावांनी मुंबईत धोबीतलावच्या परिसरात 'कूड' उभारले. बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशाला तेथे गावचे छप्पर मिळे आणि संध्याकाळी सर्वांबरोबर रोझरी होई. त्या पिढीपाशी आपल्याहून पैसा कमी होता.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने एवढे तरी करावे. निघणाऱ्याच्या करारातील औषधोपचाराचे कलम कोणा जाणत्याने त्याच्यासमवेत वाचावे. विम्याचे कार्ड कधी मिळणार हे एजंटाकडून लेखी घ्यावे. भारतीय दूतावासाचा फोन क्रमांक घरीही लिहून ठेवावा. अडचणीतल्या गरजू भारतीयाच्या तातडीच्या उपचारासाठी तेथे २००९ पासून कल्याण निधी आहे. आणि नाताळात सुट्टीवर आलेल्याला भेटवस्तू काय आणल्या हे विचारण्याआधी त्याचा रक्तदाब तपासून घ्यावा.

प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्य जखमीच्या जखमा बांधून थांबला नाही. त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हाती पैसे ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देण्याची हमी दिली. आपल्या गैरहजेरीत त्या माणसाचे काय होईल, याची तजवीज करूनच तो पुढे गेला. आपल्या मुलांचा पगार घरात घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबावर आणि त्यांची देणगी घेणाऱ्या प्रत्येक चर्चवर एवढी तजवीज करण्याचे कर्तव्य आहे.