कांद्याचे हुकूमनामे

९ जून २०२४ रोजी दिल्लीत नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी पार पडला, आणि कोणते खाते कोणाच्या पदरात पडले याच्या चर्चेत वृत्तपत्रे दंग असताना, नाशिक जिल्ह्यातील निफाड, चांदवड, येवला या तालुक्यांतील शेतकरी मात्र, चाळीत भरलेल्या उन्हाळ कांद्याला वाफ तर लागली नाही ना हे चाचपीत, निर्यातीवरील जकात उठणार की नाही, एवढेच विचारीत होता. कृषिखाते शिवराजसिंह चौहान यांच्याकडे गेल्याने इकडे काहींना आशा वाटू लागली होती. पण भावाची काळजी ग्राहक व्यवहार खात्याची, परवान्याचा शिक्का वाणिज्य खात्याचा आणि जकात अर्थखात्याची, अशी कांद्याची वाटणी झालेली असल्यामुळे, शेतीच्या दप्तरात कांदा जवळजवळ नाहीच.

त्याआधीच्या दहा महिन्यांतील फर्माने आठवावीत. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के जकात. ऑक्टोबरात टनामागे ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य. ८ डिसेंबरला सरसकट मनाई, आणि मार्चअखेरची तिची मुदत भरण्यापूर्वीच तिला बेमुदत वाढ. लाल कांदा तर चाळीत टिकत नाही. त्यामुळे ट्रॉल्यांच्या रांगेतून पुढे सरकणारा व्यापारी जी बोली बोलेल ती मान्य करणे, किंवा माल परत नेऊन डोळ्यांदेखत सडू देणे, याखेरीज शेतकऱ्याला त्या दिवसांत तिसरी वाट नव्हती. अशातच एप्रिलात गुजरातेतील २,००० टन पांढऱ्या कांद्याला मुभा मिळाली! नाशिक-दिंडोरीचे मतदान तोंडावर आल्यावर, मेच्या आरंभी, मनाई उठली खरी. परंतु तेव्हाच्या ५५० डॉलरच्या किमान मूल्यावर ४० टक्के जकात धरता परदेशी गिऱ्हाइकाला आपला कांदा टनामागे ७७० डॉलरला पडे, आणि हा भाव देण्यापेक्षा तो दुसऱ्या देशाचा माल घेई. दिंडोरीत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या, यात म्हणूनच नवल नाही.

शहरी गृहिणीला महाग कांदा परवडत नाही, आणि १९९८ साली दिल्ली राज्यातील सत्ता कांद्याने घालविली ही धास्ती राज्यकर्त्यांच्या मनातून जात नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ग्राहकाच्या रक्षणाचा खर्च सरकारने आपल्या तिजोरीतून करावा; तो एकट्या कांदा उत्पादकाकडून, तेही माल काढणीस आल्यावर रातोरात काढलेल्या हुकमाने, वसूल करणे हा न्याय नव्हे. मंदी शेतकरी सोसतो, अवकाळी सोसतो; हुकूम कधी फिरेल याचा अंदाज मात्र त्याला बांधता येत नाही.

तेव्हा निर्यातीचे धोरण उन्हाळ कांद्याची रोपे टाकण्यापूर्वी जाहीर व्हावे आणि तो कांदा विकला जाईपर्यंत बदलू नये. नाफेडमार्फत होणारी साठ्याची खरेदी बाजार समितीच्या आवारात, उघड लिलावाने व्हावी. नाशिक आणि दिंडोरीतून कांद्याच्या प्रश्नावर निवडून आलेल्या खासदारांनी लोकसभेत ही मागणी मांडावी, आणि राज्यातील सत्ताधारी खासदारांनीही, पक्षाची आज्ञा येण्याची वाट न पाहता, तिला पाठिंबा द्यावा.